पाठीवर सॅक घेऊन मेलबर्नमध्ये चार रात्री : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च महिन्याच्या शेवटी आम्ही पती-पत्नी एकेक सॅक पाठीवर घेऊन मेलबर्नला गेलो आणि चार रात्री तेथे राहिलो. परतल्यापासून ओळखीच्या जोडप्यांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. भाडी आणि तिकिटांचे दर सतत बदलत असल्यामुळे त्यांचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत.

ऑपेरा हाउस सिडनीत असताना मेलबर्नला का जावे?

घरी दाखवायला एकच फोटो हवा असेल, तर सिडनीलाच जावे. मेलबर्नकडे तसा एक मोठा देखावा नाही, आणि पहिल्या तासाभरात थोडी निराशाही होते. मात्र कमी पैशांत, पायी आणि ट्रामने फिरणाऱ्या दोघांना हे शहर अधिक मानवते, आणि त्याचे कारण त्याच्या इतिहासात आहे. १८३५ मध्ये यारा नदीकाठी वसलेल्या या गावाची आखणी रॉबर्ट हॉडल या सर्वेक्षकाने १८३७ मध्ये केली. सुमारे दीड किलोमीटर लांब आणि पाऊण किलोमीटर रुंद अशा या चौकटीत मोठे रस्ते तीस मीटर रुंद आणि त्यांना समांतर जाणारे छोटे रस्ते दहा मीटर रुंद ठेवले गेले. नंतर इमारतींच्या मागच्या अंगाला माल उतरवण्यासाठी ज्या गल्ल्या पडत गेल्या, त्यांतच आज कॉफीची दुकाने आहेत. १८५१ मध्ये व्हिक्टोरिया प्रांतात सोने सापडले आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत त्या पैशातून या शहराने ग्रंथालय, कलादालन, बाजार, बागा आणि छताखालच्या बाजारपेठा उभ्या केल्या. यांपैकी बहुतेक ठिकाणी आजही तिकीट लागत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या सोन्यावर आजचे सॅकवाले फुकट फिरतात, असे म्हटले तरी चालेल.

किती दिवस पुरेसे आहेत?

शहरासाठी तीन पूर्ण दिवस आणि शहराबाहेरच्या एका फेरीसाठी एक दिवस, असे चार दिवस ठेवावेत. दोनच दिवस असतील, तर बाहेरची फेरी बिनदिक्कत गाळावी. भारतातून पोहोचल्यावर पहिल्या दिवशी काही विशेष घडेल अशी अपेक्षा ठेवू नये. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे असते आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेपाच तास पुढे असते, त्यामुळे सकाळी नऊला आपले शरीर पहाटेचे साडेतीनच वाजले आहेत असे धरून चालते.

कोणत्या महिन्यात जावे आणि कपडे कोणते न्यावेत?

ऋतू उलटे असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा आणि जून ते ऑगस्ट हिवाळा. मार्च-एप्रिल हा काळ आम्हाला सर्वांत सोयीचा वाटला, कारण ऊन सौम्य होते आणि बागांतील झाडांना रंग चढू लागलेला असतो. मेलबर्नमध्ये एका दिवसात चार ऋतू होतात, असे तेथील लोक सांगतात, आणि त्यामागे भूगोल आहे. उत्तरेकडे देशाच्या अंतर्भागातील तापलेला कोरडा प्रदेश आहे आणि दक्षिणेकडे थंड महासागर. वारा उत्तरेकडून असेपर्यंत अंग भाजते, तो दक्षिणेकडून येऊ लागला की काही तासांत तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरू शकते. वर्षभराचा पाऊस मात्र सुमारे साडेसहाशे मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या एका जुलैपेक्षाही कमी असतो. तो थोडाथोडा, वर्षभर पडत राहतो. त्यामुळे जाड कोटाऐवजी एकावर एक घालता येतील असे पातळ कपडे आणि वारा अडवणारे एक जाकीट न्यावे. उन्हाचा लेप मार्चमध्येही लावावा, कारण ढगाळ हवेतही तेथील ऊन त्वचेला भाजते आणि आपला सावळा रंग त्यातून सुटका करत नाही.

एक सावधगिरी अशी की जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन टेनिस, मार्चमध्ये आल्बर्ट पार्कमधील फॉर्म्युला वन शर्यत, सप्टेंबरअखेरीस फुटबॉलची अंतिम लढत आणि नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कप ही घोड्यांची शर्यत असते. या दिवसांत डॉर्ममधील, म्हणजे हॉस्टेलच्या अनेक खाटांच्या सामायिक खोलीतील, खाटेचा भावही चढतो. तारखा पाहूनच तिकिटे काढावीत.

व्हिसा कोणता लागतो?

भारतीय पासपोर्टधारकांना उपवर्ग ६०० चा पर्यटक व्हिसा लागतो. अर्ज ऑनलाइन करावा लागतो आणि प्रत्येकाचा अर्ज स्वतंत्र असतो, पती-पत्नी असले तरीही. या व्हिसावर हॉस्टेलमध्ये झाडलोटीच्या बदल्यात मोफत राहण्यासारखे किरकोळ कामही करण्याच्या फंदात पडू नये. काम करत फिरायचे असेल, तर तिशीपर्यंतच्या भारतीयांसाठी २०२४ पासून उपवर्ग ४६२ चा वेगळा व्हिसा सुरू झाला आहे. त्याच्या जागा मर्यादित आहेत आणि निवड सोडतीने होते.

चिवडा, लाडू, मसाले नेता येतात का?

हा प्रश्न आमच्या घरच्या मंडळींनी सर्वांत आधी विचारला होता. ऑस्ट्रेलियात जैवसुरक्षेचे नियम फार कडक आहेत, कारण बाहेरची कीड किंवा गुरांचा रोग आला तर तेथील शेतीचे आणि पशुपालनाचे मोठे नुकसान होईल. पेढे, बर्फी, खव्याचे पदार्थ, ताजी फळे, भाजी, बी-बियाणे आणि तुळशीच्या मंजिऱ्या नेऊच नयेत. कंपनीचे बंद पाकीट असलेला चिवडा किंवा मसाला न्यावा, पण विमानात भरायच्या कार्डावर खाद्यपदार्थांच्या प्रश्नापुढे निःशंकपणे ‘होय’ लिहावे. जाहीर केलेली वस्तू फार तर अधिकारी काढून घेतात. लपवलेली वस्तू सापडली, तर जागेवर मोठा दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. घरी कुटलेला काळा मसाला आम्ही जाहीर केला. अधिकाऱ्याने पिशवी उघडून वास घेतला, दोन शिंका दिल्या आणि ती परत केली. मात्र प्रत्येक वेळी असेच होईल, असे धरून चालू नये.

ट्रेकचे बूट आणि तंबू यांचाही प्रश्न त्याच कार्डावर असतो. सह्याद्रीतील लाल माती तळव्याच्या खाचांत घट्ट बसलेली असते. ती निघण्यापूर्वी घरीच ब्रशने धुऊन काढावी, नाहीतर विमानतळावर बूट तपासणीसाठी काढून द्यावे लागतात.

विमानतळावरून शहरात कसे यावे?

मुख्य विमानतळ टलामरीन येथे आहे आणि तेथपर्यंत रेल्वे नाही. स्कायबस नावाची बस थेट सदर्न क्रॉस स्थानकावर आणून सोडते. ती वेगवान आहे, पण दोघांचे भाडे बेरजेत जाणवते. वेळ असेल तर ९०१ क्रमांकाच्या साध्या बसने ब्रॉडमेडोज स्थानक गाठावे आणि पुढे लोकल पकडावी. हा प्रवास शहरातील नेहमीच्या भाड्यात होतो, पण वेळ बराच लागतो. रात्री उशिरा उतरत असाल, तर दोघांनी कंजुषी न करता स्कायबसनेच यावे. तिकीट काढताना विमानतळाचे नावही नीट वाचावे, कारण स्वस्त देशांतर्गत विमाने कधीकधी जीलाँगजवळच्या ॲव्हलॉन येथे उतरतात.

जोडप्याने डॉर्ममध्ये राहावे की स्वतंत्र खोली घ्यावी?

येथे हिशेब करून पाहावा. एकट्याला डॉर्म नेहमीच स्वस्त पडते, पण दोन खाटांचे भाडे एकत्र केल्यावर ते हॉस्टेलमधील दोघांच्या खोलीच्या, आणि कधीकधी साध्या हॉटेलच्याही, जवळ जाते. आम्ही पहिल्या दोन रात्री आठ खाटांच्या डॉर्ममध्ये काढल्या आणि उरलेल्या दोन रात्री सामायिक स्नानगृहाच्या स्वतंत्र खोलीत. डॉर्ममध्ये भेटलेल्या मंडळींकडून आम्हाला जी माहिती मिळाली, ती कोणत्याही पुस्तकात नव्हती. मात्र वरच्या खाटेवरचा तरुण पहाटे चार वाजता प्लॅस्टिकच्या पिशव्या आवरू लागला, तेव्हा ते सर्व ज्ञान महाग वाटले. डॉर्म घ्यायचीच असेल, तर कुलूप स्वतःचे न्यावे, कानात घालायचे बोळे न्यावेत आणि दोघांनाही खालची खाट मिळेल अशी आशा धरू नये.

लग्न झालेले आहे की नाही, हे तेथे कोणीही विचारत नाही. नोंदणीच्या वेळी पासपोर्ट आणि कार्ड पाहतात, तेवढेच. हा प्रश्न आम्हाला दबक्या आवाजात बऱ्याच जणांनी विचारला, म्हणून उत्तर स्पष्ट लिहिले आहे.

निवास शक्यतो हॉडलच्या चौकटीत किंवा तिला लागून घ्यावा. दूरच्या उपनगरात वाचलेले पैसे भाड्यात जातात, आणि दुपारी तासभर पाठ टेकायला परत येण्याची सोयही राहत नाही.

ट्राम आणि मायकी कार्ड हा काय प्रकार आहे?

मेलबर्नचे ट्रामजाळे जगातील सर्वांत मोठे असून त्याची लांबी सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. मुंबईची शेवटची ट्राम १९६४ मध्ये बंद झाली. ज्यांनी ती फक्त आजोबांच्या तोंडून ऐकली, त्यांना येथे तिचा खडखडाट कान भरून ऐकता येतो. शहराच्या मध्यभागी १ जानेवारी २०१५ पासून मोफत ट्राम क्षेत्र आहे. या क्षेत्रातच चढून या क्षेत्रातच उतरायचे असेल, तर मायकी, म्हणजे प्रवासभाड्याचे कार्ड, यंत्राला लावू नये, कारण लावले की भाडे कापले जाते. क्षेत्राची हद्द थांब्यावर लिहिलेली असते आणि ट्राममध्येही सांगितली जाते. हद्दीबाहेर जायचे असेल, तर चढताच मायकी कार्ड लावावे. कार्ड प्रत्येकी एक लागते, एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही. आम्ही ही बचत करू पाहिली होती आणि दुकानदाराने हसून दुसरे कार्ड पुढे केले. कार्डाची किंमत परत मिळत नाही. दोन तासांचे भाडे एकदा कापले गेले की त्या वेळात कितीही गाड्या बदलता येतात, आणि दिवसाच्या खर्चाला कमाल मर्यादा असते. तपासनीस साध्या कपड्यांतही असतात.

३५ क्रमांकाची सिटी सर्कल ट्राम जुन्या लाकडी बांधणीची असून मोफत आहे. ती गर्दीने भरते आणि रेंगाळते. एक फेरी केली की पुरे.

पहिल्या दिवशी काय पाहावे?

फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकापासून सुरुवात करावी. पिवळसर दर्शनी भाग, हिरवट घुमट आणि प्रवेशद्वारावर ओळीने लावलेली घड्याळे असलेली ही इमारत १९१० मध्ये पूर्ण झाली. ‘घड्याळांखाली भेटू’ हा तेथील पिढ्यान्‌पिढ्यांचा संकेत आहे, जसा दादरला पुलाखाली भेटण्याचा. मराठी माणसाला या स्थानकाची एक दंतकथा ऐकवलीच जाते. लंडनमध्ये आराखड्यांची अदलाबदल झाली, म्हणून मुंबईसाठी काढलेले स्थानक मेलबर्नला बांधले गेले आणि मेलबर्नचे मुंबईला, अशी ती आहे. कथा रंजक आहे, पण खोटी आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून बोरीबंदरच्या इमारतीचे काम १८७८ मध्ये सुरू होऊन १८८८ मध्ये पूर्ण झाले होते, तर फ्लिंडर्स स्ट्रीटचा आराखडा १८९९ च्या स्पर्धेतून निवडला गेला आणि तो फॉसेट व ॲशवर्थ या दोन रेल्वे कर्मचाऱ्यांचा होता. तरीही समोरच्या पायऱ्यांवर उभे राहून, ही इमारत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या जागी कशी दिसली असती, याचा विचार केल्यावाचून राहवत नाही.

रस्ता ओलांडला की २००२ मध्ये उघडलेला फेडरेशन स्क्वेअर आणि त्याच्या पलीकडे होझियर लेन ही भिंतचित्रांची गल्ली लागते. चित्रांवर नवी चित्रे चढत राहतात, त्यामुळे मित्राने दाखवलेले चित्र तुम्हाला सापडेलच असे नाही. तेथून डीग्रेव्ह्‌ज स्ट्रीट आणि सेंटर प्लेस या अरुंद गल्ल्यांतून उत्तरेकडे जावे. १८७० ची रॉयल आर्केड आणि तिच्या जवळची ब्लॉक आर्केड या दोन्ही छताखालच्या बाजारपेठा पाहण्यासाठी आहेत, खरेदीसाठी नव्हेत. रॉयल आर्केडमध्ये गॉग आणि मॅगॉग हे दोन लाकडी राक्षस घड्याळाचे टोल देतात, आणि खाली उभे असलेले मोठे लोकही लहान मुलांसारखे तोंड वर करून पाहतात.

पैसे न देता पाहण्यासारखे आणखी काय आहे?

सर्वांत आधी स्टेट लायब्ररी. १८५६ मध्ये उघडलेल्या या ग्रंथालयातील अष्टकोनी वाचनकक्ष १९१३ चा असून त्याच्यावरचा घुमट सुमारे पस्तीस मीटर उंच आहे. मधल्या चौथऱ्यापासून टेबलांच्या रांगा चाकाच्या आऱ्यांसारख्या निघतात. आत कोणीही जाऊन बसू शकते. आम्ही वीस मिनिटांसाठी गेलो आणि दीड तासाने बाहेर आलो. याच इमारतीत नेड केली या दरोडेखोराचे चिलखत ठेवलेले आहे. नांगराच्या फाळांचे लोखंड ठोकून केलेले ते चिलखत घालून तो १८८० मध्ये पोलिसांच्या गोळ्यांना सामोरा गेला. चिलखताने पाय झाकले नव्हते आणि पायांवरच गोळ्या बसल्या. त्याला ११ नोव्हेंबर १८८० रोजी ग्रंथालयापासून हाकेच्या अंतरावरील जुन्या तुरुंगात फाशी दिले गेले. कोणाला तो खुनी वाटतो, कोणाला गरीब शेतकऱ्यांचा कैवारी, आणि हा वाद तेथे अजून संपलेला नाही. तुरुंगाला तिकीट आहे. चिलखत पाहिल्यावर तुरुंग आम्ही बाहेरूनच पाहिला.

दुसरे ठिकाण म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरिया. १८६१ मध्ये स्थापन झालेल्या या कलादालनाच्या कायमस्वरूपी संग्रहाला तिकीट नाही. सेंट किल्डा रोडवरील इमारतीच्या दारात पाण्याची भिंत आहे आणि आतल्या मोठ्या सभागृहाला लिओनार्ड फ्रेंच यांनी केलेले रंगीत काचेचे छत आहे. ते पाहण्याची रीत म्हणजे जमिनीवर उताणे पडणे. आधी संकोच वाटतो, मग आजूबाजूला आजी-आजोबाही पडलेले दिसतात.

कार्लटन बागेतील रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग १८८० ची आहे. ९ मे १९०१ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या संसदेचे उद्‌घाटन तेथे झाले आणि १९२७ पर्यंत संसद मेलबर्नमध्येच भरत होती. २००४ मध्ये ही इमारत जागतिक वारसा यादीत गेली. बाहेरून पाहिली तरी समाधान होते. यारा नदीच्या दक्षिणेकडील वनस्पती उद्यान १८४६ चे असून तेथे दुपारचा डबा खाण्यास उत्तम जागा आहे. डबा मात्र पाणपक्ष्यांपासून सांभाळावा.

क्रिकेटच्या मैदानासाठी अर्धा दिवस द्यावा का?

दोघांपैकी एकालाही क्रिकेटची आवड असेल, तर द्यावा. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर १८५३ पासून खेळ चालू आहे आणि मार्च १८७७ मध्ये इतिहासातील पहिला कसोटी सामना येथेच झाला. ऑस्ट्रेलियाने तो ४५ धावांनी जिंकला. सुमारे एक लाख प्रेक्षक सामावणाऱ्या या मैदानाची सामना नसलेल्या दिवशी माहितगारासह फेरी करता येते. तिला तिकीट आहे, पण या एका तिकिटाचा आम्हाला पश्चात्ताप झाला नाही.

आपल्या आठवणी येथे गर्दी करतात. फेब्रुवारी १९८१ मध्ये पायचीत दिल्यावर संतापलेले सुनील गावसकर चेतन चौहान यांना घेऊन मैदान सोडायला निघाले होते ते येथेच, आणि त्याच सामन्यात जखमी कपिल देव यांनी २८ धावांत पाच बळी घेऊन ऑस्ट्रेलियाला ८३ धावांत गुंडाळले. चार वर्षांनी, मार्च १९८५ मध्ये, गावसकरांच्याच नेतृत्वाखाली भारताने याच मैदानावर पाकिस्तानला हरवून वर्ल्ड चॅम्पियनशिप ऑफ क्रिकेट जिंकली. आणि डिसेंबर २०२० मध्ये, ॲडलेडला ३६ धावांत बाद झालेल्या संघाला अजिंक्य रहाणे यांनी येथे ११२ धावा करून उभे केले. त्या सामन्यात त्यांना मिळालेले मुलाघ पदक पहिल्यांदाच दिले जात होते. १८६८ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या मूळ रहिवाशांच्या संघातील जॉनी मुलाघ यांच्या नावाचे ते पदक आहे. शतकवीरांच्या फलकावर रहाणे यांचे नाव शोधण्यात आमची पाच मिनिटे गेली, आणि त्यांच्या २०१४ मधील १४७ धावांमुळे ते दोनदा सापडले.

मार्च ते सप्टेंबर या काळात गेल्यास ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा एक सामना अवश्य पाहावा. लंबगोल चेंडूच्या या खेळाचे नियम १८५९ मध्ये मेलबर्नमध्येच लिहिले गेले. नियम आम्हाला शेवटपर्यंत कळले नाहीत. शेजारच्या आजींनी ते दोनदा समजावले आणि मग स्वतःच्या संघाला शिव्या देण्यात त्या रमून गेल्या.

शाकाहारी जोडप्याची जेवणाची सोय होते का?

उत्तम होते. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली आणि ग्रीसहून, पुढे व्हिएतनाम, चीन, भारत आणि इथिओपियाहून आलेल्या लोकांनी हे शहर खाऊ घातले आहे, त्यामुळे पाटीवर शाकाहारी पदार्थ बहुतेक ठिकाणी वेगळे दाखवलेले असतात. कार्लटनमधील लायगन स्ट्रीट इटालियन जेवणासाठी आणि रिचमंडमधील व्हिक्टोरिया स्ट्रीट व्हिएतनामी जेवणासाठी प्रसिद्ध आहे. व्हिएतनामी दुकानात मात्र रश्श्यात माशाचा अर्क नाही ना, हे विचारून घ्यावे. भारतीय पदार्थ मिळतात, पण चार दिवसांसाठी गेलेल्यांनी ते शोधत फिरू नये, असे आमचे मत आहे.

पैसे वाचवायचे असतील, तर क्वीन व्हिक्टोरिया मार्केट हा खरा आधार आहे. १८७८ पासून भरणारा हा बाजार सोमवारी आणि बुधवारी दिवसा बंद असतो, आणि हे न पाहता जाऊन परत आलेली जोडपी आम्हाला दोन भेटली. तेथे पाव, चीज, ऑलिव्ह, टोमॅटो आणि फळे घेतली की दोघांचे दोन वेळांचे जेवण होते. बंद होण्याच्या सुमारास भाजीवाले ओरडून भाव पाडतात, ते ऐकून मंडईत आल्यासारखे वाटते. मुरंबा भरलेले गरम डोनट तेथेच उभे राहून खावेत. या बाजाराच्या काही भागाखाली शहराची जुनी दफनभूमी आहे आणि हजारो मृतदेह अजून तेथेच आहेत, ही गोष्ट डोनट संपल्यावर वाचलेली बरी.

हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात आपला स्वयंपाक करता येतो का?

येतो. भांडी, चुली आणि शीतकपाट असते. आपल्या पिशवीवर नाव आणि तारीख लिहावी लागते. जाणारे पाहुणे उरलेला तांदूळ, मीठ, तेल एका फळीवर ठेवून जातात आणि ते कोणीही घेऊ शकते. आम्ही तेथे चार दिवसांत एकदाही मीठ विकत घेतले नाही.

फोडणी मात्र जपून करावी. धुराचा भोंगा वाजला, तर अग्निशमन दल येते आणि खोट्या इशाऱ्याचा खर्च पाहुण्याकडून वसूल केला जाऊ शकतो. मोहरी तडतडून मिरची तेलात पडली आणि आमच्या डोक्यावरचा दिवा लाल झाला, तेव्हा एका कोरियन मुलीने धावत येऊन खिडकी उघडली म्हणून निभावले. त्यानंतर खिचडीत सगळे कच्चेच घातले.

नळाचे पाणी पिण्याजोगे असते. बाटलीबंद पाणी विकत घेणे हा निव्वळ अपव्यय आहे.

समुद्र पाहायला कुठे जावे?

९६ क्रमांकाच्या ट्रामने सेंट किल्डाला जावे. हा पोर्ट फिलिप उपसागराचा किनारा आहे, त्यामुळे लाटा नावापुरत्या असतात. तो पश्चिमाभिमुख असल्याने सूर्य मात्र अरबी समुद्रासारखाच पाण्यात बुडतो. १९१२ चे लूना पार्क उघड्या तोंडाच्या राक्षसी चेहऱ्यातून आत घेते आणि एकलँड स्ट्रीटवर केकची जुनी दुकाने काचेमागे रचून बसलेली असतात. ब्रायटनच्या रंगीत लाकडी खोल्या सॅन्ड्रिंगहॅम मार्गावरील लोकलने गाठता येतात. त्या खाजगी मालकीच्या आहेत आणि फोटोसाठी अर्धा तास पुरतो.

ग्रेट ओशन रोड एका दिवसात करावा का?

आमचे मत विरोधात आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात हा सुमारे २४० किलोमीटरचा किनारी रस्ता खोदला आणि तो सुंदरच आहे. मात्र एका दिवसाच्या सहलीत बारा-तेरा तासांपैकी बहुतांश वेळ बसच्या खिडकीशी जातो, आणि ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’ या चुनखडीच्या सुळक्यांपुढे दोघांच्या वाट्याला गर्दीतला पाऊण तास येतो. ते सुळके कधीच बारा नव्हते आणि २००५ मध्ये त्यांतील एक कोसळला. जायचेच असेल, तर सदर्न क्रॉसहून रेल्वेने जीलाँग, तेथून बसने अपोलो बे आणि तेथे एक रात्र, असे जावे. प्रांतातील रेल्वेच्या भाड्यालाही दिवसाची कमाल मर्यादा असल्याने हे सहलीपेक्षा स्वस्त पडते.

एकच दिवस असेल, तर आम्ही पफिंग बिलीला पसंती देऊ. लोकलने बेलग्रेव्ह गाठावे. तेथून वाफेच्या इंजिनाची गाडी डँडेनाँगच्या डोंगरांतून, उंच निलगिरीच्या आणि झाडाएवढ्या नेच्यांच्या रानातून जाते. १९०० मध्ये सुरू झालेला हा मार्ग दरड कोसळल्याने १९५३ मध्ये बंद पडला आणि पुढे स्वयंसेवकांनी तो जिवंत केला. रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर आहे, म्हणजे आपल्या जुन्या बार्शी लाइट रेल्वेइतकेच. उघड्या डब्याच्या कठड्यावर बसून पाय बाहेर सोडण्याची तेथे परंपरा आहे. आरक्षण आधी करावे.

फिलिप बेटावरील पेंग्विन सूर्यास्ताला समुद्रातून बाहेर येतात. जेमतेम फूटभर उंचीचे हे पक्षी थव्याने वाळू ओलांडतात. त्या वेळी फोटो काढण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. शहरापासून अंतर सुमारे १४० किलोमीटर असल्याने परतायला मध्यरात्र होते आणि थंडी हाडांत शिरते.

येथील मूळ रहिवाशांविषयी कुठे कळेल?

हे शहर कुलिन समूहातील वुरुंजेरी आणि बुनुराँग लोकांच्या भूमीवर उभे आहे. यारा नदीला त्यांच्या भाषेत बिरारंग, म्हणजे धुक्याची नदी म्हणतात, आणि नदीकाठच्या एका बागेला बिरारंग मार असे नाव दिले आहे. मेलबर्न म्युझियममधील बुंजिलाका दालन यासाठी पाहावे. क्रिकेट मैदानाबाहेरच्या यारा पार्कमध्ये काही जुन्या झाडांवर, भांडी किंवा होड्या करण्यासाठी साल सोलल्याचे व्रण आहेत. हजारो लोक सामन्याला जाताना त्यांच्या बाजूने जातात, आम्हीही जाताना पाहिले नाही, येताना पाहिले.

दोघांच्या आवडी वेगळ्या असतील तर?

चार दिवसांत एक दुपार वेगळी काढावी. आमच्यापैकी एकजण कलादालनात रमला आणि दुसरी बाजारात. सहा वाजता फ्लिंडर्स स्ट्रीटच्या घड्याळांखाली भेटायचे ठरले होते. ठरवताना कोणत्या घड्याळाखाली, हेही ठरवावे, कारण ती बरीच आहेत.

सुरक्षिततेबाबत काय काळजी घ्यावी?

आम्हाला रात्री दहा-अकरापर्यंत मध्यवर्ती भागात फिरताना अडचण आली नाही. तातडीच्या मदतीचा क्रमांक तीन शून्ये आहे. समुद्रावर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरावे. सायकल भाड्याने घेतली तर शिरस्त्राण सक्तीचे आहे, आणि सिग्नल मोडून रस्ता ओलांडल्यास पादचाऱ्यालाही दंड होतो. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, पण रस्त्याच्या गोंगाटात मागून येणारी ट्राम लक्षात येत नाही. वीज २३० व्होल्ट आहे, खाचा मात्र तिरक्या चपट्या पिनांच्या असतात, म्हणून वेगळा जोडक न्यावा.

शेवटच्या दिवशी विमान रात्री असेल तर सॅकचे काय करावे?

हॉस्टेलमध्ये खोली सकाळी दहाच्या सुमारास सोडावी लागते. सामान बहुतेक ठिकाणी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतात. तेथे कुलूपबंद जागा आहे की नुसता कोपरा, हे पाहावे आणि पासपोर्ट व पैसे मात्र अंगावरच ठेवावेत. दुसरी सोय म्हणजे सदर्न क्रॉस स्थानकावरचे लॉकर. विमानतळाची बस तेथूनच सुटत असल्यामुळे ते सोयीचे पडतात, आणि दोन सॅक एका मोठ्या कप्प्यात मावतात. या स्थानकाचे जुने नाव स्पेन्सर स्ट्रीट. ऑगस्ट १९८६ मध्ये नॅशनल गॅलरीतून पिकासोचे ‘वीपिंग वुमन’ हे चित्र चोरीला गेले आणि सरकार कलेवर पुरेसा खर्च करत नाही अशी तक्रार करणारी पत्रे चोरांनी पाठवली. दोन आठवड्यांहून अधिक काळ शोध घेतल्यावर ते चित्र सुखरूप सापडले, ते याच स्थानकावरच्या एका लॉकरमध्ये. चोर आजवर सापडलेले नाहीत.